टीएमटीचा कागद वाचताना

टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून केलेल्या हृदयाच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की माणसं भराभर पानं उलटून शेवटच्या ओळीवर जातात. तिथं 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढंच छापलेलं असतं आणि ते वाचून चेहरा तरी उजळतो नाहीतर पांढराफटक पडतो. मी साताऱ्यात फिजिशियन म्हणून काम करते. पट्ट्याशेजारी उभं राहून लोकांचं चालणं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मी तो कागद पहिल्या पानापासून वाचते आणि ती ओळ सगळ्यात शेवटी. माझ्या पेशंटनीही तो तसाच वाचायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी ही तपासणी कुणाची करायची नाही ते सांगते, कारण यात उशीर झाला तर जीव जातो. "काल रात्रीपासून छातीत दुखतंय, म्हणून म्हटलं पट्ट्यावर चालून बघावं," असं म्हणत अधूनमधून कुणीतरी येतंच. बसल्याजागी छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर त्या माणसाला पट्ट्यावर चढवायचं नसतं. त्याचा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी लगेच व्हायला हवी, आणि तीही जिथं पुढचे उपचार होऊ शकतील अशा ठिकाणी. हृदयाची महाधमनीकडची झडप फार अरुंद झालेली असेल तरीही पट्टा नको. म्हणून स्टेथोस्कोप लावल्याशिवाय मी कुणालाही त्या खोलीत पाठवत नाही.

खोलीतली तयारी लोकांना नवीन असते. छातीवरचे केस काढतात, स्पिरिटने कातडी पुसतात, बारीक खरखरीत कागदाने हलकेच घासतात. चालताना आलेख थरथरू नये म्हणून हे सगळं. हातापायांच्या वायरी खांद्याजवळ आणि पोटाच्या खालच्या बाजूला चिकटवल्या जातात. नऊवारी नेसून आलेल्या आजींसाठी आम्ही गाऊन आणि कॅनव्हासचे बूट ठेवले आहेत. पट्टा सरकायला लागला की पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण पायांकडे बघतो आणि आमचा टेक्निशियन दर वेळी तेच सांगतो, "समोर बघा. दांडीला हात टेकवा, लटकू नका."

हे लटकणं मी फार बारकाईने बघते, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीला पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर फिरतो. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ५.४ आणि १४, चौथ्यात ६.७ आणि १६. सिॲटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. त्याआधी, १९२९ पासून, आर्थर मास्टर यांच्या पद्धतीने दोन पायऱ्यांवर चढउतार करायला लावत. किती मिनिटं चाललात त्यावरून यंत्र 'मेट' नावाचा आकडा काढतं. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला दर किलो वजनामागे साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, तो एक मेट. तिसरा टप्पा पुरा केलात तर सुमारे १० मेट. पण यंत्र तुमचा श्वास मोजत नाही, वेग आणि चढ यांवरून अंदाज बांधतं. दांडीला लोंबकळून ९ मिनिटं काढली तरी कागदावर १० मेट छापून येतात आणि ते खरे नसतात. म्हणून कुणी दांडी घट्ट धरली होती, ते मी रिपोर्टवर हाताने लिहून ठेवते.

हा मेटचा आकडा माझ्या दृष्टीने त्या कागदावरची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि त्याच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत ६००० हून अधिक पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकेक मेट जास्त चालू शकणाऱ्यांचं जगण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी चांगलं निघालं. पट्ट्यावर टिकण्याची ताकद हा तिथं रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांच्यापेक्षाही जास्त सांगणारा आकडा ठरला. आमच्याकडे याचं प्रत्यंतर रोज दिसतं. संध्याकाळी सपाट रस्त्यावर गप्पा मारत फिरणारे गृहस्थ दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी धापा टाकतात. जावळीच्या डोंगरातून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या मावशींना यंत्राची भीती वाटते, पण एकदा पाय बसले की त्या तिसऱ्या टप्प्यात न बोलता शिरतात.

आलेखाकडे वळण्याआधी मी आणखी तीन गोष्टी बघते. माणूस का थांबला, हे पहिलं. पाय भरून आले, दम लागला, गुडघा दुखला की छातीत कळ आली? ही माहिती रिपोर्टवर एका ओळीत असते आणि कधी कधी ती ओळ कोरीच राहते. दुसरं म्हणजे रक्तदाब. चढ वाढेल तसा वरचा दाब वाढायला हवा. तो वाढण्याऐवजी घसरायला लागला तर हृदय मागणी पुरी करू शकत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि तिथं आम्ही पट्टा थांबवतो. तिसरी गोष्ट, पट्टा थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट. नाडीचे ठोके त्या मिनिटात भरभर उतरायला हवेत. १९९९ मधल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू जास्त दिसले. शिवाय आलेखातला बिघाड कधी कधी विश्रांतीतच उमटतो. म्हणून "झालं ना, उतरू?" म्हणून घाई करणाऱ्यांना आम्ही वायरी काढू देत नाही.

आता आलेख. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडायला लागलं की ईसीजीतला एसटी नावाचा भाग मूळ रेषेच्या खाली जातो. तो एक मिलिमीटर किंवा जास्त खाली गेला आणि तिथं आडवा किंवा उतरता राहिला, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. खाली जाऊन लगेच वर चढत जाणाऱ्या रेषेचं महत्त्व बरंच कमी, पण यंत्राच्या छापील मजकुरात हा फरक पुष्कळदा हरवतो. आणखी एक. एसटी कुठल्या वायरींमध्ये खाली गेला त्यावरून कुठली धमनी अरुंद आहे ते कळत नाही. "मागच्या बाजूला ब्लॉक आहे म्हणे, किती टक्के?" असं विचारत घरचे लोक येतात, तेव्हा मला त्यांना सांगावं लागतं की हा कागद ब्लॉकची जागाही सांगत नाही आणि टक्केही सांगत नाही.

एकाच हंगामात दोन पॉझिटिव्ह रिपोर्ट माझ्यासमोर आले, ते मला नेहमी आठवतात. एक होते बावन्न वर्षांचे बँक अधिकारी. त्यांना यवतेश्वरच्या घाटातून होणारी हाफ मॅरेथॉन पळायची होती, म्हणून तपासणी. ११ मिनिटं चालले, छातीत काही झालं नाही, शेवटी एसटी एक मिलिमीटर खाली. दुसरे वाशीच्या बाजारात उभी हयात पोती वाहून गावी परतलेले माथाडी कामगार. साताऱ्याच्या कितीतरी गावांतली माणसं या कामासाठी मुंबईला गेली, त्यांतलेच एक. "चढाला छाती जड होती, उभं राहिलं की बरं वाटतं. ग्यास आसंल मॅडम," असं त्यांचं म्हणणं. चौथ्या मिनिटाला एसटी दोन मिलिमीटर खाली गेला. दाब १५० वरून १३० वर आला. ते काही बोलले नाहीत. टेक्निशियनचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं, त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "दुखतंय, पण चालतो अजून." त्या दुखण्यामुळेच पट्टा थांबवला.

दोघांच्याही कागदावर शेवटी एकच शब्द. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सुचवलेला एक साधा हिशोब आहे. चाललेली मिनिटं घ्यायची. एसटी जितके मिलिमीटर खाली गेला त्याच्या पाचपट त्यातून वजा करायचे. छातीत दुखलं असेल तर आणखी ४ वजा, आणि दुखण्यामुळेच थांबावं लागलं असेल तर ८. बँकेतल्या साहेबांचे ११ वजा ५, म्हणजे अधिक ६. माथाडी काकांचे ४ वजा १० वजा ८, म्हणजे उणे १४. अधिक ५ किंवा त्याच्या वर असेल तर धोका कमी, उणे ११ किंवा त्याच्या खाली असेल तर जास्त, मधले सगळे मध्यम. १९९१ मध्ये या मंडळींनी बाह्यरुग्ण विभागातल्या पेशंटचे निष्कर्ष दिले. कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक चार वर्षांनी हयात होते, जास्त धोक्याच्या गटातले ७९ टक्के. एवढं अंतर त्या एका शब्दाखाली झाकलं जातं. काकांची अँजिओग्राफी त्याच आठवड्यात झाली. डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा होता, बायपास करावी लागली. साहेबांना मी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू केल्या, पुढची तपासणी सावकाश, ठरवून केली आणि तोवर घाटातलं पळणं थांबवायला सांगितलं. त्यांना तेवढंच जड गेलं.

पण एका शाळेतल्या बाईंचा रिपोर्ट समजावून सांगताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वय अडतीस. दुखणं काहीच नाही. घरच्यांनी हौसेनं हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं आणि त्यात टीएमटी होती. त्या १० मिनिटं चालल्या, शेवटी एसटी मिलिमीटरभर खाली जाऊन वर चढत गेला आणि मिनिटभरात जागेवर आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. आठवडाभर त्यांची झोप उडाली होती. नवऱ्याने अँजिओग्राफीसाठी पैशांची जमवाजमव सुरू केली होती.

मी त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला, कारण गणित त्याच शिकवतात. टीएमटीची अँजिओग्राफीशी तुलना करणारे १४७ अभ्यास १९८९ मध्ये कुणीतरी एकत्र तपासले होते. सरासरी अशी निघाली की आजार असलेल्या शंभरांतल्या ६८ जणांची टीएमटी पॉझिटिव्ह येते, आणि आजार नसलेल्या शंभरांतल्या ७७ जणांची निगेटिव्ह. म्हणजे धडधाकट शंभरांतले २३ उगीचच पॉझिटिव्ह. आता त्यांच्यासारख्या, वयाने लहान आणि काहीही त्रास नसलेल्या १००० बायका घेऊ. त्यांच्यातल्या २० जणींना आजार आहे असं धरू. त्या २० पैकी साधारण १४ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९८० निरोगी बायकांपैकी सुमारे २२५ पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २३९ जणींत खरा आजार फक्त १४ जणींना, शंभरात सहा. बाई कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ही तपासणी माझी करायचीच कशाला?" नेमका प्रश्न होता तो. त्रास नसलेल्या, धोक्याची कारणं नसलेल्या तरुण माणसाची टीएमटी करू नये, असंच माझं मत आहे. पॅकेजमधून ती काढून टाकावी. बायकांमध्ये तर आलेख फसवण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि रक्त कमी असेल तरी एसटी खाली जाऊ शकतो. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी आधी हिमोग्लोबिन बघते. बाईंची अँजिओग्राफी केली नाही. इको केला, तो चांगला होता.

मग मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरा हिशोब मांडला. चढावर छाती जड होणारे, थांबलं की बरं वाटणारे, तंबाखू खाणारे साठीचे १००० पुरुष. त्यांच्यातल्या ८०० जणांना आजार आहे असं धरू. टीएमटी त्यांच्यातल्या ५४४ जणांत पॉझिटिव्ह येईल, आणि निरोगी २०० जणांतल्या ४६ जणांत. इथं पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांतल्या ९२ जणांना खरोखर आजार आहे. पण निगेटिव्ह आलेल्या ४१० जणांकडे बघा. त्यांच्यातल्या २५६ जणांना आजार आहेच. यंत्र तेच, एसटी मोजायची पट्टी तीच, तरीही एकीच्या पॉझिटिव्हवर विश्वास ठेवता येत नाही आणि दुसऱ्याच्या निगेटिव्हवर. पट्ट्यावर चढण्याआधी माणसाने सांगितलेली हकीकत या हिशोबात पहिली येते. म्हणून 'भरून येतं', 'अवघडतं', 'दम लागतो', 'ग्यास होतो' हे शब्द मी घाई न करता ऐकते. कधी होतं, कशाने थांबतं, हे विचारते. इथल्या बायका तर छातीचं दुखणं सांगतच नाहीत, "कामाला उरक राहिला नाही" एवढंच म्हणतात.

निगेटिव्हवरून एकदा एक तरुण माझ्या अंगावर धावून आला होता. वडिलांची टीएमटी दुसरीकडे झाली होती, निगेटिव्ह होती आणि दोन महिन्यांत त्यांना ॲटॅक आला. ते वाचले, पण मुलाचा संताप समजण्यासारखा होता. त्याला बसवून सांगितलं ते असं. पट्ट्यावर जे दिसतं ते मेहनतीच्या वेळी रक्त कमी पडतं का एवढंच, आणि ते कमी पडायला धमनी बरीचशी, साधारण ७० टक्के किंवा जास्त, अरुंद झालेली लागते. ॲटॅक मात्र पुष्कळदा चरबीच्या लहान थरावर येतो. धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीवर सायीसारखं पातळ आवरण असतं. ते फाटलं की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि मिनिटांत धमनी बंद पडते. आदल्या दिवशी तो थर रक्ताला अडवतही नसतो, त्यामुळे पट्ट्यावर दिसत नाही. वडील निगेटिव्ह रिपोर्ट बघून खूश झाले होते आणि रक्तदाबाची गोळी बंद करून बिडी पुन्हा सुरू केली होती. निगेटिव्ह रिपोर्ट देताना मी आता गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा लिहून हातात देते.

बऱ्याच जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह या दोन्हींत बसत नाही. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी जावी अशी अपेक्षा असते. साठीच्या माणसाला १३६. गुडघे दुखले, दम संपला किंवा बीटा ब्लॉकरची गोळी चालू असली तर नाडी तिथं पोचत नाही. अशा वेळी आजार नाही असं म्हणता येत नाही, फक्त उत्तर मिळालेलं नाही. काहींचा ईसीजी मुळातच असा असतो, उदाहरणार्थ डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक किंवा पेसमेकर, की पट्ट्यावर चालवून एसटीवरून काही ठरवता येत नाही. त्यांच्यासाठी औषधाने हृदयाला ताण देऊन केलेला इको, थॅलियमसारखी तपासणी किंवा सीटी अँजिओग्राफी हे मार्ग आहेत. आणि पॉझिटिव्ह आलं की लगेच स्टेंट, हेही खरं नाही. २०२० मध्ये ५१७९ पेशंटांचा 'इस्केमिया' अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतातली रुग्णालयंही त्यात होती. आजार स्थिर असलेल्या लोकांत आधी औषधं देण्याने आणि आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करण्याने मृत्यूंच्या आकड्यात फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र दुसऱ्या गटात जास्त कमी झालं. डाव्या मुख्य धमनीचे पेशंट त्यात घेतले नव्हते. माथाडी काकांसारख्यांना तो निष्कर्ष लागू करता येत नाही, आणि म्हणूनच कमी धोका कुणाचा आणि जास्त कुणाचा, हे त्या कागदावरून आधी ओळखावं लागतं.

काका बायपासनंतर सहा महिन्यांनी पुन्हा पट्ट्यावर चढले. या वेळी ८ मिनिटं, दाब १६० पर्यंत व्यवस्थित चढला, एसटी जागेवर, पहिल्या मिनिटात नाडी २२ ने उतरली. कागद माझ्या हातात असतानाच त्यांनी विचारलं, "पोतं उचलू का?" गावच्या सोसायटीत खताची पोती उतरवायचं काम त्यांना मिळत होतं. मी सांगितलं की पट्ट्यावर पाय चालतात. ओझं उचलताना श्वास कोंडला जातो आणि दाब एकदम चढतो, ते या कागदावर दिसलेलं नाही. छातीचं हाड आता सांधलं आहे, पण पन्नास किलोचं पोतं एकट्याने नको. दहा किलोपासून सुरू करायचं, उचलताना दम धरायचा नाही, छाती जड झाली तर तिथंच खाली ठेवून यायचं माझ्याकडे. त्यांनी दहाच्या जागी पंधरा करून बघितलं, मी नाही म्हटलं. शेवटी सोसायटीत पोती मोजून नोंद करायचं काम मिळतंय का ते विचारतो म्हणाले, आणि गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.